दत्तोपंतांनी धरलेली जागा

तुळजापूर-सोलापूर एस.टी.ने तीस वर्षे जाऊन-येऊन मास्तरकी केलेले दत्तोपंत एकदाही उभ्याने गेले नव्हते. गाडी स्थानकात पुरती शिरण्यापूर्वीच त्यांचे उपरणे खिडकीतून आत जाऊन आसनस्थ झालेले असे! तेव्हा टोकियोच्या उपनगरातील त्या चिमुकल्या स्थानकावरही त्यांनी गुडघे धरून उभ्या असलेल्या अनसूयाबाईंना आश्वासन दिले, “जागेची चिंता तू करू नकोस.”

“अहो, इथं रांग असते. गुरुप्रसाद काय सांगून गेलाय?”

मुलगा गुरुप्रसाद नातीला, आरोहीला, घेऊन पुढे गेला होता. दहा वाजता ती शाळेत गाणार होती. मध्ये अवघी दोन स्थानके.

“रांग ही जागा न मिळणाऱ्यांसाठी!”

गाडी आली. दार फलाटावरच्या खुणेसमोर असे नेमके थांबले की दत्तोपंतांनी मनोमन पैकीच्या पैकी गुण दिले. जलद गाडीला वाट देण्यासाठी ती चार मिनिटे थांबणार होती. त्यांनी रांगेच्या डोक्यावरून उपरणे भिरकावले. कोपऱ्यातली जागा! पण आतल्या एका सद्गृहस्थांनी ते उचलले, चौघडी घातली, खाली उतरून कमरेत वाकून परत दिले.

“अहो, पडलं नाही! टाकलंय!”

पुन्हा टाकले. एका शाळकरी मुलीने धावत आणून दिले. तिसऱ्या खेपेस पांढरे हातमोजे घातलेला रेल्वे कर्मचारी आला आणि त्यांना फलाटावर उभे करून हरवलेल्या वस्तूंच्या नोंदीसाठी उपरण्याची लांबी मोजू लागला. दत्तोपंत वाद घालत असताना कोणीतरी अनसूयाबाईंना हात देऊन आत नेले, स्वतः उठून बसवले, आणि दारे मिटली!

“माझी बायको!”

कर्मचाऱ्याने नवा अर्ज काढला आणि भाषांतर करणारा मोबाइल पुढे धरला. “काय हरवले?”

“पत्नी!”

“रंग?”

“निळा! साडीचा!”

अकराव्या मिनिटाला समोरच्या गाडीतून अनसूयाबाई उतरल्या. मागे त्यांची पिशवी घेतलेला दुसरा कर्मचारी.

“किती गुणी माणसं हो! बसवलं, उतरवलं, चहासुद्धा पाजला!”

दत्तोपंतांनी कर्मचाऱ्याला नमस्कार ठोकला. “हरवलेलं मालकाच्या हाती पोचवावं ते यांनीच! मी अर्ज भरला म्हणून तू...”

“तुमचा अर्ज? मीच भरलाय पुढच्या स्टेशनात. गप उभे राहा आता, खुणा ताडून बघतायत. पहिलं गाणं तर गेलंच.”

दुसऱ्या कर्मचाऱ्याने कागद काढला. धोतर: बरोबर. पांढऱ्या मिशा: बरोबर. अखंड बोलतात: याला त्याने दोनदा खूण केली. मग अनसूयाबाईंनी सही केली, आणि दोघा कर्मचाऱ्यांनी कमरेत वाकून दत्तोपंत त्यांच्या ताब्यात दिले.