गादीवरची फुली

भिंती रंगवून जाहिराती करायचे दिवस संपले, असं जाहिरातरावांनी भर बैठकीत मालकांना ठणकावून सांगितलं. गाद्यांच्या त्या कारखान्यात जाहिरात विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि त्या खुर्चीत बसलेले ते स्वतः. त्यामुळे विभागात कधी मतभेद होत नसत.

"माणूस आता मान वर करून बघतोच कुठे, मालक?" ते म्हणाले. "डोळे उघडले की मोबाइल, डोळे मिटेपर्यंत मोबाइल. बातमी त्यात, भाव त्यात, भांडणही त्यातच. आपली गादी त्याच्या तळहातावर जाऊन पडली पाहिजे."

मालक जुन्या वळणाचे. चौकातल्या भिंतीवरची आपली गादी ते येताजाता डोळे भरून पाहत. पण जो तो मोबाइल मोबाइल करतोय म्हटल्यावर त्यांचाही धीर सुटला. वर्षभराच्या भिंतींचा खर्च त्यांनी या एका जाहिरातीत ओतला आणि उठताना एवढंच म्हणाले, "महिनाअखेर विक्री वाढलेली दिसली पाहिजे. नाही दिसली तर कापसाच्या गोदामात माणूस हवाच आहे."

जाहिरातरावांना कापसाचं वावडं होतं. गोदामाच्या दारावरून गेले तरी त्यांना शिंकांची उबळ यायची. तिथे दिवसभर बसायचं म्हणजे नाकाला कायमचा रामराम. तेव्हा कुणाला चुकवताच येणार नाही अशी जाहिरात करायची, हे त्यांनी ठरवलं आणि करून दाखवलं. माणूस मोबाइलवर काहीही वाचायला गेला की पडदाभर गादी पसरायची. गादीवर कुठेही बोट लागलं की थेट कारखान्यात फोन. बंद करायची फुली होती, नाही असं नाही. वर उजव्या कोपऱ्यात, तिळाएवढी.

"फारच बारीक नाही का?" हिशेबनीस बाईंनी विचारलं.

"बारीक? हे बघा." जाहिरातरावांनी उजव्या करंगळीचं वाढवलेलं नख पुढे केलं. कान कोरण्यापासून पाकिटं फोडण्यापर्यंत सगळ्या कामांना ते नख असे. त्याचं टोक त्यांनी फुलीवर टेकवलं आणि गादी नाहीशी झाली. "एका फटक्यात. झाली चाचणी."

जाहिरात सुरू झाली त्या सकाळी कारखान्याचा फोन वाजला. ठेवला, पुन्हा वाजला. मालक आपल्या खोलीतून बाहेर आले, वाजणाऱ्या फोनकडे कौतुकाने पाहिलं आणि सगळ्यांना चहा सांगितला. जाहिरातरावांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि रिसीव्हर उचलला.

"नमस्कार. बोला, कुठली गादी देऊ?"

"ती काढा आधी."

"कुठून काढू?"

"माझ्या मोबाइलवरून. पोराचा निकाल बघतोय मी, आणि मध्ये तुमची गादी. बंद करायला जावं तर तुम्हालाच फोन लागतोय."

दुसरा फोन एका दंतवैद्याचा. समोर रोग्याचा जबडा उघडा आणि हातातल्या मोबाइलवर औषधाच्या मात्रेऐवजी गादी. तिसऱ्या बाई थांब्यावर उभ्या राहून बसची वेळ बघत होत्या. त्यांना गादी दिसली, बस मात्र दिसली नाही, ती समोरून निघून गेली. दुपारपर्यंत जाहिरातरावांचा कान लालबुंद झाला आणि डोकं त्याहून लाल. आपण लोकांच्या पाठीच्या सुखासाठी मरमर मरायचं आणि लोकांनी आपल्याला शिव्या घालायच्या, हा कुठला न्याय?

"अहो, करंगळीचं नख वापरा," ते प्रत्येकाला सांगत होते.

"कसलं नख?"

"वाढवलेलं."

यावर पलीकडून येणारी उत्तरं हिशेबनीस बाईंच्या कानावर जाऊ नयेत म्हणून ते रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून धरत. "मोबाइल हवेत सगळ्यांना," ते फोन ठेवून करवादले, "पण अंगठा कुठे ठेवावा याची अक्कल नको."

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात करपल्याचा वास. बायको हातात मोबाइल घेऊन उभी.

"किती शिजवायचं ते वाचत होते," ती म्हणाली, "तर मध्येच एक मेली गादी आली. कोण मूर्ख लोक असतात हो असलं करणारे?"

जाहिरातरावांनी पाणी प्यायला घेतलं. "बोट नीट लावत नसशील," ते म्हणाले.

"बघा तुम्हीच." तिने अंगठा कोपऱ्यावर दाबला. फोन लागला आणि कारखान्याच्या पहारेकऱ्याचा थकलेला आवाज आला, "वहिनी, पुन्हा तुम्हीच का? मगाशी सांगितलं ना, मी फक्त राखण करतो, गादी मला काढता येत नाही."

या खेपेला बायकोने आवाज ओळखला. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या रात्री करपलेलं सगळं एकाच ताटात वाढलं गेलं आणि ते ताट जाहिरातरावांचं होतं. बाहेरचे परवडले, घरातूनही विरोध, असं स्वतःशी म्हणत त्यांनी ते मुकाट्याने संपवलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी विक्री विचारली. हिशेबनीस बाई म्हणाल्या, "फोनला उसंत नाही, साहेब. विक्री मात्र नाही."

"बघू तरी ही जाहिरात," म्हणत मालक आपला मोबाइल घेऊन खिडकीपाशी उजेडात गेले. मालकांचा अंगठा भरभक्कम. इकडे टेबलावरचा फोन वाजला. जाहिरातराव खिडकीकडे पाठ करून बसले होते आणि सकाळपासून साठलेलं सगळं त्यांच्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि समोरच्याला बोलूच दिलं नाही.

"अहो, तो अंगठा आहे की मुसळ? एवढीशी फुली दाबता येत नाही? कुणी दिला तुम्हाला मोबाइल?"

"मुलाने दिला," असं उत्तर रिसीव्हरमधून आलं आणि त्याच वेळी पाठीमागूनही आलं. हिशेबनीस बाईंनी मान खाली घालून उगाचच टेबल पुसायला घेतलं.

मालक ओरडले नाहीत. त्यांनी आपला अंगठा एकदा वळवून पाहिला आणि हुकूम सोडले. फुली या अंगठ्याएवढी करायची. गादीला कुठेही बोट लागून फोन जाता कामा नये, त्यासाठी खाली वेगळं बटण द्यायचं. यापुढे जो कुणी फोन करील त्याची हात जोडून माफी मागायची, आणि ती मागितली जाते की नाही हे आपल्याला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवायचा. महिनाअखेरची मुदत कायम.

फुली मोठी झाली. लोक आता गादी आली की अंगठ्याने तिला वाटेला लावत आणि आपलं वाचत पुढे जात. फोन बसल्याबसल्या धूळ खाऊ लागला. चुकून एखादा आलाच तर तो जुना राग काढायलाच केलेला असे, आणि जाहिरातराव दोन्ही हात जोडून, स्पीकरपुढे वाकून, एका दमात माफी मागत. याची त्यांना इतकी सवय झाली की घरीही कुणाचा फोन आला की त्यांचे हात आपोआप जुळत. मनातून मात्र ते धुमसत होते. वाचायचं फुकट, बघायचं फुकट, मग क्षणभर एक गादी पाहिली तर काय अंगाला भोकं पडतात?

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मालक टेबलाशी येऊन बसले. विक्री होती तिथेच होती. आता एक तरी बरी मागणी आली तरच खुर्ची वाचणार, हे जाहिरातरावांना कळत होतं आणि त्यांच्या नाकाला आत्ताच हुळहुळायला लागलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार," एका बाईंचा मऊ आवाज खोलीभर पसरला. "मोबाइलवर तुमची गादी पाहिली. मी मुलींच्या वसतिगृहातून बोलतेय. दोनशे..."

"दोनशे वेळा दाबलंत? कळलं, बाई, सगळं कळलं. दोनशे वेळा माफी मागतो."

"नाही हो, मला..."

"आता फुली मोठी केलीय. वर कोपऱ्यात बघा. अंगठ्याने दाबा, लगेच जाईल."

"पण मला ती..."

"पुन्हा दिसणार नाही, माझा शब्द आहे. आमच्या गादीचा तुम्हाला यापुढे काडीचाही त्रास होणार नाही."

"म्हणजे तुम्हाला द्यायच्याच नाहीत का?"

"मुळीच नाही, बाई. तुम्ही सुखाने मोबाइल बघा."

"बरं," बाई जरा हिरमुसून म्हणाल्या, "मग दुसरीकडे विचारते." आणि फोन ठेवला.

जाहिरातरावांनी स्पीकरचं बटण बंद केलं आणि विजयी मुद्रेने मालकांकडे वळले. "पाहिलंत? एक शिवी दिली नाही त्यांनी. माणूस हाताळायची हातोटी लागते."

हिशेबनीस बाई डोळे विस्फारून फोनकडे बघत होत्या. "दोनशे गाद्या," त्या हळूच पुटपुटल्या.

जाहिरातरावांच्या चेहऱ्यावरची विजयी मुद्रा एकेका बाजूने उतरत गेली.

"कुठलं वसतिगृह?" मालकांनी विचारलं.

"ते... ते त्या सांगणारच होत्या."

"नंबर?"

"या जुन्या डबड्यावर नंबर कुठे दिसतो, मालक?"

मालक उठले, खुंटीवरची गोदामाची किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "तिथे फोन नाही," ते म्हणाले. "कारखान्याच्या दृष्टीने तेच बरं."

जाहिरातरावांनी किल्ली उचलली आणि तरातरा दारापर्यंत गेले. तिथे त्यांना राहवेना, ते गर्रकन मागे वळले.

"पण मी म्हणतो, यात माझं काय चुकलं?" त्यांचा आवाज संतापाने चिरकला होता. "गादी हवी असलेलं माणूस फोनवर कसं बोलतं, हे या महिन्याभरात मला कुणी एकदा तरी ऐकवलं होतं का?"