कामरगावची ओहोटी

स्पष्ट सांगतो, चूक माझी नव्हती. चूक त्या मोबाइलवाल्याची होती आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे!

हा इसम रत्नागिरीचा. रोज सकाळी मोबाइलवर येतो आणि आज वारा कसा, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, गळाला काय लावायचं, समुद्रात बांगडा कुठे लागतो, सगळं सांगतो. एसटीतली कंडक्टरी संपल्यापासून मी त्याचा एकही व्हिडिओ सोडलेला नाही. दोन महिन्यांत मी मासेमारीत तयार झालो होतो. फक्त पाण्याजवळ जायचं राहिलं होतं.

तेही जमून आलं, कारण व्याही यायचे होते. आमची साधना रत्नागिरीला दिलेली. तिचे सासरे रामराव आमच्या वऱ्हाडातल्या कामरगावला पहिल्यांदाच येणार होते. लग्नात या गृहस्थांनी चारचौघांत हसत विचारलं होतं, की तुमच्या वऱ्हाडात मासा असतो का? ते मी विसरलो नव्हतो. फोनवर ठणकावून सांगितलं, या, माझ्या हातानं धरलेला मासा खाऊ घालतो. बायको, म्हणजे तुळसाबाई, म्हणाली की असू द्या घरात किलोभर मटण. माझं डोकंच फिरलं. घरच्याच माणसाचा भरोसा नाही! तिनं माशाचा मसाला वाटायला घेतला.

त्या दिवशीची ओहोटी दुपारी एकची होती. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पुढे जाऊन उभं राहायचं, म्हणजे भरतीबरोबर मासा आपणहून येतो, असं त्यानं सांगितलं होतं. गळाला कोळंबी. कामरगावात कोळंबी कुठली? विहीणबाईंनी पाठवलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, डब्यात होते, ते उचलले आणि गावाजवळच्या तलावावर गेलो.

तिथे सेवालाल जाळं सुकवत बसला होता. याचा जन्म त्या तलावावर गेला. मला म्हणाला, कणकेची गोळी लावा आणि पहाटे या, आता ऊन झालं. ज्याला भरती-ओहोटी ठाऊक नाही, तो मला शिकवणार! इथली ओहोटी किती वाजता असते, असं मी त्याला विचारलं. तो पुन्हा जाळं झटकायला लागला.

आणि काय सांगू, एक वाजून गेला आणि पाणी उतरायला लागलं! काठाला रोवलेली काडी अर्ध्या तासात कोरडी. मी ती सेवालालला दाखवली. तो काही सांगू पाहत होता, मी सांगू दिलं नाही. चपला काढल्या, चिखलात उतरलो, गळ टाकला आणि भरतीची वाट बघत उभा राहिलो.

दोन वाजले, तीन वाजले. पाणी मागे, मी त्याच्या मागे. साडेतीनला एक पाय उचलायला गेलो, तो निघेना. दुसराही निघेना.

"भाऊ, कोनाची वाट पाहून राह्यले?" सेवालालनं काठावरून विचारलं.

"भरतीची."

"दुपारी कालव्याले पानी सोडलं ना, हरभऱ्यासाठी. येईन परत पानी." त्यानं थोडा हिशेब केला. "मिरगाच्या पावसानंतर."

हे आधी सांगायला काय झालं होतं? तेवढ्यात बांधावर तुळसाबाई दिसली आणि तिच्या शेजारी रामराव. बस वेळेवर आली होती. आयुष्यात एकदाच, आणि तीही त्याच दिवशी!

दोराचं एक टोक सेवालालनं धरलं, दुसरं व्याह्यांनी माझ्या काखेखालून बांधलं. दोघांनी ओढून मला काढलं. व्याही दारात आले की आपण त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, ही आपली रीत. इथे हापशीवर त्यांनी माझे पाय धुतले. रामरावांनी हळूच विचारलं, वेळापत्रक कुठल्या बंदराचं पाहिलंत? रत्नागिरीचं, म्हणालो. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

रात्री पिठलं-भाकरी. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि विहीणबाईंना, लिलाबाईंना, फोन लावला. स्पीकरवर.

"इंद्रभानरावांनी स्वतः धरलेला मासा जेवलो," रामराव म्हणाले. "अशी चव आपल्याकडेही नाही हो."

लग्नातलं सगळं मी जागच्या जागी माफ केलं. माझी अब्रू या माणसानं झाकली होती.

"कुठला मासा?" लिलाबाईंनी विचारलं.

रामराव अडखळले. आता त्यांना सावरणं माझं काम होतं. मी फोनकडे वाकलो आणि अभिमानानं सांगितलं, "बांगडा, विहीणबाई. आमच्याच तलावातला!"