उरलेला वाल

“दोनच पोरं ना? अगं, वर्गात साठ पोरं मी नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवतो!”

वाल्मिक गुरुजींनी हे एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की शेजारच्या ठकूबाईच्या कोंबड्यासुद्धा क्षणभर गप्प झाल्या. दिवाळीची सुट्टी होती आणि भात कापणीला आलं होतं. त्यांची बायको चंद्राबाई शेतावर निघाली होती. घरी राहणार होती दोन लेकरं. थोरली हिरू जांभळावरून पडून पाय मोडून बसलेली, प्लास्टर मांडीपर्यंत. शाळा बुडाली, आणि चौथीची स्कॉलरशिप तर तोंडावर आलेली. धाकटा धाकलू साडेतीन वर्षांचा. त्याचं काहीच मोडलेलं नव्हतं, हीच खरी अडचण होती.

“हिरूला शिकवणं सोपं हाय वो,” चंद्राबाई विळा घेत म्हणाली, “पन याला कुटं ठेवाल?”

“त्याला कामात गुंतवायचं. शास्त्र आहे त्याचं!”

“बरं,” म्हणून ती गेली. जाताना एकदा मागं वळून धाकलूकडं बघितलं, ते मात्र गुरुजींना आवडलं नाही.

शास्त्र दहा मिनिटं टिकलं. पाटी-पेन्सिल दिली, तर धाकलूनं पेन्सिल खाल्ली. चित्रांचं पुस्तक दिलं, तर त्यातला वाघ त्यानं फाडून कोंबड्यांना दाखवायला नेला. हिरूच्या प्लास्टरवर तो ढोल वाजवू लागला तेव्हा हिरू ओरडली, “बाबा, याला घ्या ना! हौदाचं गणित राहिलंय!”

मग गुरुजींना ती नामी युक्ती सुचली. त्यांनी ओटीवर खडूनं चौकोन आखले आणि वालाची मूठभर बी धाकलूपुढं ठेवली.

“ही घरं. एका घरात एकच वाल. कुणाला बाहेर ठेवायचं नाही हां!”

आणि काय आश्चर्य! धाकलू जीभ बाहेर काढून कामाला लागला. घरात अशी शांतता पसरली, जशी साहेब तपासणीला आल्यावर वर्गात पसरते. हिरू भिंतीकडं तोंड करून हौद भरत बसली. गुरुजी खुर्चीत टेकले, तपकिरीची चिमूट ओढली आणि हौदाच्या दोन नळांवर नीट विचार करता यावा म्हणून त्यांनी डोळे मिटले. विचार बराच खोल गेला असावा, कारण उघडले तेव्हा ऊन अंगणातून ओटीवर आलं होतं.

चौकोनाचौकोनात वाल शहाण्यासारखे बसले होते. गुरुजींना गहिवरून आलं.

“शाब्बास! सगळ्यांदा घर बिळालं?”

आपला आवाज जरा बसलाय असं त्यांना वाटलं. सर्दी असेल.

“एक उरला व्हता,” धाकलू म्हणाला.

“बग?”

“नाकात ठेवला.”

गुरुजी खुर्चीतून ताडकन उठले. वाल भिजवला की कसा फुगतो, साल कशी तडकते, मोड कसा बाहेर येतो, हे ते दर वर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवत. आता तेच चित्र धाकलूच्या नाकात दिसू लागलं. पार वेल मांडवावर चढेपर्यंत!

“ठकूबाई! धावा! धाकलूच्या दाकात वाल गेला!”

“कुटं?” ठकूबाई कुंपणापलीकडून ओरडली.

“दाकात! दाकात!”

“दाढंत? मंग चावंल की!”

गुरुजींनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवलं. ठकूबाई धावत आली. “अगं बया! गुरुजी, तुमी रडू नका आदी. तपकीर आना.”

“रडत दाही बी!”

“पण बाबा,” हिरू मागं वळून म्हणाली, “तुम्ही मघाशी—”

“तू हौद भर!”

चिमूटभर तपकीर धाकलूला हुंगवली. तो एवढा शिंकला, की सगळे वाल घरादारासकट उडाले, पण नाकातून काही निघालं नाही. “आजून!” म्हणत त्यानंच नाक पुढं केलं. तेवढ्यात कुणीतरी बांधावर निरोप नेला होता, तो “धाकलूच्या नाकातून वेल निघाला” असा पोचला, आणि चंद्राबाई हातातल्या विळ्यासकट धावत आली.

“कुटं हाय? कापू का?”

“ठेव तो विळा!”

हिरूपाशी ठकूबाईला बसवून तिघं रस्त्यावर आली. नेरळकडं पेंढा घेऊन निघालेला एकुलता एक टेंपो मिळाला. वाटेत गुरुजी धाकलूचं डोकं छातीशी धरून बसले होते. शास्त्र केव्हाच उडालं होतं. ‘पोराचं नाक नीट राहू दे, पुन्हा म्हणून कशाची बढाई मारणार नाही,’ एवढंच ते मनात घोकत होते, आणि श्वास तोंडानं घेत होते. काळजीमुळं नाकानं घेता येत नाही, असं त्यांना वाटलं.

नेरळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आरसा लावला, बॅटरी मारली. एक नाकपुडी बघितली, दुसरी बघितली.

“दोन्ही साफ आहेत.”

“बग फुप्फुसात गेला! डॉक्टर, काहीतरी करा हो!”

डॉक्टर बॅटरी तशीच धरून गुरुजींकडं बघत राहिले. “तुमचा आवाज कधीपासून असा आहे?”

“सकाळी बरा व्हता,” चंद्राबाई म्हणाली. मग ती एकदम थांबली. खाली बसून तिनं धाकलूला जवळ ओढलं. “धाकल्या, वाल कुनाच्या नाकात ठेवला रं?”

“बाबाच्या.”

“कवा?”

“बाबा खुर्चीत घोंऽऽ घोंऽऽ करत व्हता तवा. त्याला घर नव्हतं ना!”

दवाखान्यात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. पण सुई पडली नाही, बाकावरची सगळी माणसं दारात येऊन पडली.

डॉक्टरांनी चिमटा घातला. गुरुजी असे किंचाळले, की धाकलू आईच्या लुगड्यात लपला. वाल टण्णकन ताटलीत पडला, चांगला टरारून फुगलेला.

“काय हो गुरुजी, घालताना काहीच कळलं नाही?”

“तपकिरीनं नाक जरा... बधिर झालंय.” ‘न’ पुन्हा जागेवर आला होता, पण आता तो वापरावासा वाटत नव्हता.

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, “गुरुजी, माजा नातू तुमच्याच वर्गात हाय. तितं बी झोपता काय?”

परतीच्या वाटेवर चंद्राबाई नुसतीच पदर तोंडाला लावून गदागदा हलत होती. खड्ड्यांनी हलतेय, अशी गुरुजींनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी विळा गुरुजींच्या हातात होता. दुपारपर्यंत कंबर धनुष्य झाली. जेवायला आले, तर घर शांत. हिरू खडाखडा पाढे म्हणत होती, चंद्राबाई निवांत तांदूळ निवडत होती. धाकलूचा आवाजच नाही!

“काय केलंस तरी काय?” गुरुजी दारातूनच कुजबुजले.

“काय नाय. म्हनलं, आज तू गुरुजी हो, हिरूला शिकव.”

गुरुजींनी ओटीवर डोकावलं. खुर्चीत धाकलू बसला होता, डोक्यावर कानापर्यंत उतरलेली त्यांची टोपी. मान मागं टाकलेली, तोंड उघडं. घोंऽऽ घोंऽऽ करता करता खरोखरच झोपला होता.

“सकाळपासून शिकवतोय,” चंद्राबाई म्हणाली. “लई हुबेहूब!”