रिकाम्या खोलीची मोजणी

शिशाच्या पेटीत गॅमा किरण टिपणारा एक शोधक होता, भोवती चाळीस विटा होत्या, उघड्या बाजूसमोर एक स्टूल आणि स्टुलावर नूपुर. तपासायला नमुना ठेवलेला नव्हता. तरी तासाभरात पडद्यावर पोटॅशियममधून निघणाऱ्या किरणांच्या जागी एक उंचवटा हळूहळू वर आला. नोंदी सत्त्याण्णव. पंधराच्या आसपास यायला हव्या होत्या.

संध्याकाळी पाचपर्यंत रिकाम्या खोलीची स्वच्छ मोजणी पाठवली नाही, तर बाहेरगावच्या प्रयोगातली तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. तिथे गॅमा किरण अणुकेंद्रकांवर आदळणार, सगळे प्रोटॉन न्यूट्रॉनांविरुद्ध एकजुटीने डोलणार आणि विखुरलेले किरण हाच शोधक टिपणार होता.

"काहून वं, आत काही राहिलं का?" तिचे मार्गदर्शक महादेवराव सर दारातूनच बोलले.

"नाही सर. दोनदा पाहिलं."

सर पेटीकडे पाहत राहिले. पंखा बंद होता, तरी गार वाटत होतं.

नूपुर मोजणी नव्यानं लावून जेवायला गेली. तासाभरानं आली तेव्हा नोंदी दोनशे दहा झाल्या होत्या. पेटीच्या उघड्या तोंडाशी नारळ, डझनभर केळी आणि कुहीच्या देवळातून आणलेला अंगारा.

"सर, हे काय?"

"मशीनची पूजा राहून गेली होती ना. मले वाटलं, रागावली."

"केळात पोटॅशियम राहते सर! नारळात, राखेतपण!"

"तू मले फिजिक्स शिकवून राहिली का?" म्हणत सरांनी पुरावा सोलून खायला घेतला.

सोबत संशोधन करणाऱ्या दीपमालानंही एक केळ उचललं. "मंग आता माह्यातही पोटॅशियम गेलं का वं?"

"तुझ्यात आधीपासूनच आहे. सगळ्यांच्यातच..." नूपुर थांबली. सकाळी तासभर पेटीसमोर ती स्वतः बसली होती.

केळी, नारळ, अंगारा बाहेर गेले. पेटी पुसली. नूपुर पुन्हा स्टुलावर बसली. तासाभरात नोंदी शहाण्णव.

"म्हणजे भूत तूच होय वं!" दीपमाला हसत सुटली. सरांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

नूपुरनं मोजणी पुन्हा शून्यापासून लावली आणि तिघं व्हरांड्यात आली. सरांनी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. काचेतून पेटी दिसत होती, समोर रिकामं स्टूल. तासभर कुणी आत गेलं नाही.

पाचला काही मिनिटं असताना नूपुरनं व्हरांड्यातल्या लॅपटॉपवर आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि अहवाल पाठवला.

नमुना नाही. खोली रिकामी. दार बंद. नोंदी : सत्त्याण्णव.