सव्विसावा शिरवळकर

शिरवळकर काका निधनवार्तांचं पान वाचतात ते कोण गेलं हे बघायला नाही, ओळीने छापलेत का हे बघायला. एकदा सकाळी मी आमचं वर्तमानपत्र चुकून त्यांच्या दारात पडलं म्हणून आणायला गेले, तर काका लाल पेन घेऊन आमच्याच अंकावर बसलेले.

"गोखले गाडगीळांच्या आधी छापलेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, आधी गेले असतील.

"जायचं तेव्हा जावं. छापताना ग ला काना आधी येतो."

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून मला ते 'मास्तरीणबाई' म्हणतात. काकूंचं म्हणणं असं, की लग्नानंतर पहिल्या आठवड्यात काकांनी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. त्यामुळे गूळ आणि घासलेट शेजारी शेजारी आले, आणि तो प्रयोग एका दिवसात संपला. बाहेर मात्र त्यांना रोखणारं कोणी नव्हतं. हॉटेलात गेलं की वेटर पाणी आणेपर्यंत मेनूकार्डावर खुणा झालेल्या असायच्या. उत्तप्पा इडलीच्या आधी का, याचं उत्तर मालकाकडे नसे. काका ते मागतही नसत. खुणा केलेलं कार्ड शांतपणे परत करत.

त्याला कारण होतं. काकांनी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं डिरेक्टरीची प्रुफं तपासली. मराठी आवृत्तीतलं एकेक आडनाव त्यांच्या नजरेखालून गेलं. त्या काळी धंदेवाईक लोक यादीत पहिले यावेत म्हणून नावं बदलून घ्यायचे. एका ढेकूण मारणाऱ्या कंपनीने तर 'अ अ अ' असं नाव लावून अर्ज केला होता. काकांनी त्यावर शेरा मारला, "हे नाव नसून किंकाळी आहे", आणि अर्ज परत पाठवला. मालक मोठ्या साहेबांची ओळख घेऊन आला. काकांनी त्याला चहा पाजला आणि आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं, "क्रमाला काका-मामा नसतात."

अशा माणसाला इंटरनेटवर शोधायला मी शिकवलं, ही माझी चूक. वरच्या चौकटीत शब्द टाकायचा आणि खाली यादी येते, हे पाहून ते खूश झाले. ही आमचीच डिरेक्टरी, म्हणाले, फक्त जाड नाही. मग विचारलं, यादी कोणत्या क्रमाने लावतात? मी सांगितलं, जे जास्त उपयोगी ते आधी.

"उपयोगी कोणाला?"

मी तेव्हा हसले होते.

पुढे ती शोध कंपनी आपलं स्वतःचं सोशल नेटवर्क घेऊन आली. आज ते नेटवर्क राहिलेलं नाही, पण तेव्हा जोरात होतं, आणि काहीही शोधलं की त्यातली पानं आधी दिसायला लागली. आम्हाला कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. एका शुक्रवारी सकाळी मात्र पावणेआठला माझी बेल वाजली. काका दारात होते, घरच्या चपला घालून.

"मास्तरीणबाई, घुसखोरी झालीय."

मला हाताला धरून नेल्यासारखं त्यांनी संगणकापुढे नेलं. एका नामवंत गायिकेचं नाव टाकून दाखवलं. तिची स्वतःची, पंधरा वर्षं चालवलेली साइट खाली ढकललेली होती. वर होतं कंपनीच्या नेटवर्कवरचं तिचं पान, ज्यावर एक अंधुक फोटो आणि नमस्कार एवढंच होतं. मग त्यांनी एक नाट्यगृह दाखवलं, एक आयुर्वेदाचे वैद्य दाखवले. सगळीकडे तीच कथा. काकांनी वहीत चाळीस नावं तपासून ठेवली होती. काका रोज साडेसातला संगणक सुरू करतात; तिथून पावणेआठपर्यंतच्या पंधरा मिनिटांत चाळीस नावं कशी झाली, हे मी विचारलं नाही. माणूस संतापला की वेगाने काम करतो असं मला वाटलं.

त्याच दिवशी पत्र गेलं, रजिस्टर्ड पोस्टाने. मजकूर मला तोंडपाठ आहे, कारण तोच मला कंपनीच्या अभिप्रायाच्या चौकटीत टाइप करायला लावला. "महोदय, आपण आपल्या घरच्या मंडळींना पंगतीत पहिल्या पाटावर बसवले आहे, असे निदर्शनास आले. यजमानाने शेवटी जेवायचे असते. हे आपणांस आजवर कोणी सांगितले नसल्यास प्रस्तुत पत्र ते सांगत आहे."

उत्तर मिनिटभरात आलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आमच्या नव्या नेटवर्कवर खातं उघडा आणि ते जगाला सांगा.

काकांनी चष्मा काढून पुसला. "माझं पत्र वाचायला दोन मिनिटं लागतात," एवढंच म्हणाले.

रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती. ऐनवेळच्या विषयांत काकांनी हा विषय मांडला. आधी लिफ्ट झाली, मग टाकीची गळती, मग तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. एव्हाना एक वाजला होता. काकांनी गायिका, नाट्यगृह, वैद्य असं सगळं ओळीने सांगितलं आणि निषेधाचा ठराव सुचवला. अध्यक्षांनी विचारलं, याचा आपल्या पार्किंगशी काही संबंध आहे का? काका म्हणाले, आहे, तिथेही पहिली जागा तुमच्याच गाडीला आहे. त्यानंतर ठराव चटकन मंजूर झाला. कुत्र्याच्या मालकानेही हात वर केला. सगळ्यांना भूक लागली होती.

ठरावाची प्रत कंपनीला गेली, आणि काका गप्प झाले.

हे मात्र नवीन होतं. जिंकले की ते दोन दिवस जिन्यात भेटेल त्याला हकिगत सांगतात, हरले तर चार दिवस सांगतात. आता दार बंद. गुरुवारी संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, सकाळी साडेसातला संगणकासमोर बसतात, काहीतरी टाकतात, बघतात आणि बंद करतात. नाश्ता तसाच राहतो. मी म्हटलं, त्या गायिकेचं एवढं मनाला लावून घेतलं?

"गायिका कसली," काकू म्हणाल्या. "वसंत दिसत नाही त्यांना."

वसंत म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. काकांना भाऊ आहे हेच मला सात वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. लोणी काळभोरला शाळेत संगीत शिकवायचा, निवृत्त होऊन तिथेच राहिला, आता भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतो. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांत त्याच्या मेहुण्याचं नाव काकांच्या वर छापलं गेलं. थोरला भाऊ मेहुण्याच्या खाली. काकांनी ती पत्रिका लाल पेनाने दुरुस्त केली आणि पोस्टाने परत पाठवली. सुधारलेली पत्रिका येईल, मग जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. ती आली नाही. काका लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

"आणि मग मुलीच्या नवऱ्याने वसंतची ती साइट केली," काकू म्हणाल्या. "तेवढं एक बघायचे रोज."

मी उठून समोर गेले. काका अंधारून आलं तरी दिवा न लावता बसले होते. मी काही विचारलं नाही, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि 'शिरवळकर' एवढंच टाइप केलं. पहिला आला तो काळा गॉगल लावलेला कुणी शिरवळकर. दुसऱ्याला फोटोच नव्हता. तिसऱ्याने स्वतःऐवजी ट्रॅक्टरचा फोटो लावला होता. सगळे त्या नेटवर्कवरचे. मी पुढचं पान उघडलं, मग त्याच्या पुढचं. तिसऱ्या पानावर सहावी ओळ होती, 'वसंत शिरवळकर, हार्मोनियम दुरुस्ती, लोणी काळभोर'.

"हे काय, आहेत की," मी म्हटलं आणि ते उघडणार तोच काकांनी माउसवर हात ठेवला.

"नको. तिसऱ्या पानावर गेलो म्हणजे मी त्याला शोधत गेलो असं होतं."

"आणि आधी?"

"आधी मी आडनाव टाकायचो. आडनाव माझंही आहे. तो आपला आपण यायचा."

मी सुचवलं की पत्ता साठवून ठेवता येतो, एक बोट लावलं की पान उघडेल. त्यावर ते म्हणाले, साठवून ठेवायला तो काय माझा... पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. त्यांनी यादी परत पहिल्या पानावर, त्या गॉगलवाल्यापाशी, आणून ठेवली.

शेवटी मीच म्हटलं, की वसंतरावांनी त्या नेटवर्कवर खातं उघडलं तर ते परत वर येतील. पण हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. काकू दारातून म्हणाल्या, मी फोन करते.

"फोनवर नाही," काका म्हणाले. "अन्याय त्याच्यावर झालाय. ज्याच्यावर झालाय त्याला समक्ष कळवायचं असतं. आपलं म्हणजे खात्यात तसंच असायचं."

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. तांत्रिक बाजू सांभाळायला मी होते. काकांच्या काखेत फाइल होती, त्यात पत्र, उत्तर, ठराव आणि चाळीस नावांची वही. स्वारगेटला बस आली तेव्हा रांग मोडून सगळे दाराशी धावले. काका जागचे हलले नाहीत, आणि ती बस आमच्याशिवाय गेली. पुढच्या बसला काकूंनी त्यांचा हात धरला आणि सरळ आत ओढलं. हडपसर गेलं तेव्हा काकांनी मला विचारलं, त्याला आता चष्मा असेल का?

लोणीत उतरून आम्ही एका पानवाल्याला विचारलं. "वसंत मास्तर व्हय? घरीच हायेत की. सरळ जावा, पेटीचा आवाज आला की थांबा."

आवाज आला तिथे थांबलो. घराच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर एक पेटी उघडी होती. तिच्यासमोर तसंच नाक आणि तसेच कान असलेला, फक्त थोडा बारीक असा माणूस बसलेला. चष्मा होता. काकांना पाहून तो उठला, पण पुढे आला नाही.

काकांनी फाइल उघडली. उभ्याउभ्याच वाचल्यासारखं बोलायला लागले. आपलं पान पहिल्या क्रमांकावरून सव्विसाव्या क्रमांकावर गेलं आहे. आपल्या जागी असंबद्ध व्यक्ती बसवण्यात आल्या आहेत. यात आपला काही दोष नाही. आपल्याला कल्पना नसावी म्हणून समक्ष कळवत आहोत. सख्ख्या धाकट्या भावाला ते सारखं आपण, आपण म्हणत होते.

वसंतराव सगळं ऐकून घेईपर्यंत फडक्याने बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "दादा, ते पान बघतंय कोण? पेट्या येतात त्या माणसांच्या ओळखीने येतात. जावयाने हौसेने केलं. त्याच्या खाली एक आकडा आहे, किती जणांनी पाहिलं त्याचा. मी सकाळी सातला बघायचो आणि आठला बघायचो. मधे एकाने वाढलेला असायचा. रोज, एकानेच."

काकांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"नऊ दिवस झाले, आकडा हलला नाही. पहिले दोन दिवस म्हटलं, वीज गेली असेल. मग जीव थाऱ्यावर राहीना. फोन करायचा धीर होत नव्हता, वहिनींनी उचलला आणि काही भलतंच सांगितलं तर. आज जेवून निघणारच होतो." त्यांनी अंगावरच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बोट दाखवलं. "हा काय पेटी दुरुस्त करायला घातलाय?"

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि आतून दारात आलेल्या वसंतरावांच्या बायकोचा हात धरून आत गेल्या. मीही त्यांच्या मागे जाणार होते, पण पाय निघेना. काकांनी कागद फाइलमध्ये घातले, फाइल कुठे ठेवावी ते न कळून भिंतीला टेकवली, आणि गुडघ्यांवर हात टेकत सतरंजीवर बसले.

"हिला काय झालंय?" त्यांनी पेटीकडे बघून विचारलं.

"दोन सूर बसलेत. एका हाताने भाता आणि एका हाताने सूर, जमत नाही आता पूर्वीसारखं."

काकांनी भात्याला हात घातला. वसंतराव वाकून एकेक पट्टी दाबत, कान लावत, कानशीने आतली सुराची पितळी पट्टी हलकेच घासत, परत लावत. काका वारा भरत होते. पहिल्यांदा जास्त जोरात, मग जमेल तसं. पुतणीला दोन मुलं आहेत, हे त्यांना त्या दोन सुरांच्या मधे कळलं. मोठी मुलगी पहिलीत आहे, हेही. जेवायला दोनदा हाक आली.

संध्याकाळी वसंतराव आम्हाला पोहोचवायला थांब्यावर आले. नेटवर्कवर खातं उघडायचं राहूनच गेलं होतं, आणि ती फाइलही त्यांच्या घरीच राहिली होती. मी आठवण केली नाही. स्वारगेटची बस आली तेव्हा काका म्हणाले, हिला फार गर्दी आहे, सोडू या. आत चार माणसं होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी परत बाकावर ठेवली.

पुढची बस वीस मिनिटांनी आली. तीही आम्ही सोडली.