जीप बंद करण्याची सूचना

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत आमचे साहेब पुण्याला कुठल्याशा शिबिराला गेले आणि पर्यावरण घेऊन आले. एखाद्याने सर्दी घेऊन यावं तसं. फरक इतकाच, की ते स्वतः ठणठणीत होते आणि लागण आम्हांला झाली.

आमचं ऑफिस महाडच्या बाजारपेठेत. एमआयडीसीत येणाऱ्या कारखान्यांना परवान्यांचे कागद करून द्यायचे, हा धंदा. शरच्चंद्रसाहेब मालक, मी चिंतामणी हेडक्लार्क, विनीताबाई टायपिस्ट, काशीराम जीपचा ड्रायव्हर आणि आणखी दोघे-तिघे.

परत आल्या आल्या साहेबांनी सभा घेतली. "आपला व्यवसाय निसर्गाला त्रास न देणारा व्हायला हवा. सूचना करा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सीनियर माणूस. काहीतरी बोलणं भाग होतं. कागद वाचवा म्हणावं, तर आमचा धंदाच कागदांचा. पंखा बंद करा म्हणावं, तर तो माझ्याच डोक्यावर. मग कारखान्यांच्या फेऱ्या मारणारी जीप आठवली. (तिच्यात बसून मी कधी कुठे जात नसे. ते साहेब करत. म्हणून ती सुचली.)

"जीप बंद करावी साहेब," मी म्हणालो. "धूर फार सोडते."

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "चिंतामणराव, वीस वर्षं तुमच्यात हा माणूस दडून होता, मला पत्ताच नाही. मग असं करू, सगळ्यांना सायकली घेऊ. आणि एमआयडीसीचं काम उद्यापासून तुमच्याकडे."

"आणि काशीराम?" मी विचारलं.

"तो तुमच्या जागी बसेल. येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं देईल."

काशीरामने त्याच क्षणी वर पंख्याकडे पाहिलं.

आता एक गोष्ट सांगतो. मला सायकल येत नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला सायकल येते, असं सगळेच धरून चालतात.

दुसऱ्या दिवशी भिकूच्या दुकानातून नव्या सायकली आल्या. मी माझी सायकल हातात धरून ऑफिसबाहेर पडलो आणि हातातच धरून चालत राहिलो. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. पुढे एमआयडीसीच्या रस्त्याला पहिल्या पाळीचे कामगार सुटलेले. एकाने मोटारसायकल थांबवली.

"काय साहेब, पंक्चर?"

"नाही. चेन पडली."

तो उतरला, खाली वाकला. "चेन तर हाय जागेवर."

"आत्ताच बसवली," मी म्हणालो आणि पुढे निघालो.

रोज कोणीतरी थांबायचं आणि रोज मला नवा बिघाड शोधावा लागायचा. हवा गेली. ब्रेक घासतोय. हँडल फिरलंय. मॅनेजर लोकांपुढे मी घामाने निथळत उभा राही आणि ते आधी पाणी देत, मग कागद घेत. घरी आलो की पाय पाण्यात सोडून बसायचो. झोपेतसुद्धा पाय चालत असत, अशी सरोजची, म्हणजे बायकोची, तक्रार होती.

आणि मग एका रविवारी सकाळी भिकू दारात आला, पान्यांची पिशवी घेऊन.

"भाऊसाहेब, माझा धंदा बसवलात तुम्ही. अख्ख्या एमआयडीसीत लोका म्हनतात, भिकूची सायकल घेऊ नका, रोज मोडते. कालच्याला दोन गिऱ्हाईका परत गेली. काय बिघडलाय ते दावा, मी फुकट करून देतो."

त्याने अंगणात सायकल उलटी केली, चाकं फिरवली, चेन ओढली, ब्रेक दाबले. मग सरळ करून माझ्यापुढे धरली.

"हिला काय एक नाय झालेला. तुम्ही बसून दावा, कुठं अडते ती."

मी म्हणालो, "आता नको. नुकताच चहा झालाय."

तोवर सरोज दारात येऊन उभी. तिने सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अहो, तुम्हांला येत नाही का?"

मी सायकलची घंटी पुसायला घेतली. भिकूने सायकल स्टँडवर लावली. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त सुटका होती.

सरोज पोलादपूरच्या मास्तरांची मुलगी. वडिलांच्या सायकलवर ती शाळेत जात असे, हे मला लग्नाला वीस वर्षं होऊन त्या दिवशी कळलं. तिने पदर खोचला, सायकल घेतली आणि गल्लीला एक वळसा घालून परत आली. "सोपं असतं," म्हणाली. "बसा, मी मागून धरते."

एका बाजूने सरोज, दुसऱ्या बाजूने भिकू, मध्ये मी. पहिल्या दिवशी मी सरळ गेलो आणि शेजारच्या चंद्राबाईंची बाज दिसल्यावर घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. सायकल तिथेच राहिली. मी बाजेवरच्या कुरडयांत जाऊन पडलो. चंद्राबाई मला उठवायला आल्या, पण आधी खालच्या कुरडया तपासून मग.

तेव्हापासून माझी बोटं ब्रेकला शिवेनात. वळायचंही जमेना. सरळ मात्र मी झकास जाऊ लागलो. गल्लीच्या टोकाला भिकू उभा राहून मला झेलायचा.

एवढ्यात साहेबांनी जाहीर केलं की, शिबिरातले पुण्याचे प्राध्यापक आमचं ऑफिस बघायला येताहेत. त्यांच्यासमोर सगळ्यांनी सायकलवरून चौकापर्यंत जाऊन परत यायचं. "पुढे चिंतामणराव. कल्पना त्यांची आहे." त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. सरोज म्हणाली, साहेबांना सांगून टाका. मी दोनदा त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून बाहेर आलो.

प्राध्यापकांनी हिरवं निशाण हलवलं. भिकूने मला मागून ढकलून दिलं. माझ्या मागे विनीताबाई आणि बाकीचे, त्यांच्या मागे जीप. पाहुण्यांना बघता यावं म्हणून ती खास सुरू केली होती.

चौक आला. लोक टाळ्या वाजवत होते. मला वळायचं होतं, मनापासून वळायचं होतं. पण मी सरळ गेलो. म्होरक्या सरळ गेला म्हणून बाकीचेही सरळ आले. पुढे हमरस्ता लागला, पोलादपूरच्या दिशेने. मागून विनीताबाईंचा आवाज आला, "चिंतामणराव, कुठवर जायचंय?" मला माहीत असतं तर सांगितलं असतं. ट्रक अंगावरून जाताहेत, घाम डोळ्यांत उतरतोय आणि मी पायडल मारतोय, कारण थांबलो तर पडणार. शेवटी मोठा चढ आला. सायकल हळू झाली, उभी राहिली आणि मी तिच्यासकट करवंदीच्या जाळीत गेलो.

जीप येऊन थांबली. प्राध्यापक खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. "चौकापर्यंत ठरलं होतं," ते साहेबांना म्हणाले, "आणि हा माणूस कुठवर आला. याला म्हणतात तळमळ." विनीताबाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांच्यात तेवढा श्वास नव्हता. पंधरा मिनिटांनी आम्ही सगळे, सायकलींसकट, एका डिझेलच्या ट्रकमधून महाडला परत आलो.

साहेबांनी त्याच आठवड्यात जीप विकून टाकली. आता कबुली द्यायचीही सोय राहिली नाही. माझ्या अंगात करवंदीचे काटे, आणि एमआयडीसीची कामं साठलेली. शेवटी सरोजच म्हणाली, "चला, मी सोडते."

तेव्हापासून सरोज पुढे आणि मी कॅरियरवर, मांडीवर फायली. पहिल्याच दिवशी रस्त्याकडेच्या शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजणारी एक म्हातारी हातातलं काम टाकून बांधावर आली.

"काय झालाय गो मानसाला? दवाखान्यात नेतेस काय?"

"नाही हो मावशी," सरोज पायडल मारत म्हणाली. "ऑफिसच्या कामाला सोडतेय."

म्हातारीने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि तिला म्हणाली, "बरा होईल गो. नको काळजी करू."