हुसेनमामांचं ठिबक

वरवंडला हुसेनमामांचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. तिथे नळ्या मिळतात, ड्रीपर मिळतात, फिल्टर मिळतात, विद्राव्य खतही मिळतं. उंदरांचं औषध तेवढं मिळत नाही. कुणी मागितलंच तर मामा त्याला बाकावर बसवतात आणि विचारतात, "त्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

आता उंदरांनी काय वाकडं केलंय हे ठिबकवाल्याला सांगावं लागू नये. उन्हाळ्यात पाण्यासाठी उंदीर नळ्या कुरतडतात आणि शेतकरी जॉइनर न्यायला मामांच्याच दुकानात येतो. मामा धंद्यासाठीच उंदीर पोसतात, असं गावातल्या निम्म्या लोकांचं मत आहे. मी इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो, तरी सुरुवातीला मीही त्याच निम्म्यांत होतो.

खरं कारण म्हणजे मामांची भाची शाहीन. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरच्या औषधाचं संशोधन करते आणि ते औषध सध्या उंदरांना देतात. "आपल्या वाटच्या सुया ती उंदरं खात्यात, सर. आन् आपन त्यांनाच इख घालायचं?" मामा मला म्हणाले.

मी म्हटलं, औषध तरी कसलं आहे? विचारायला नको होतं. मामांनी दुकानातला पंखा माझ्याकडे वळवला.

"बगा सर, गाठीच्या पेशीत एक जीन आसतो. त्यो म्हंजी मुकादम. सारखा चिठ्ठ्या धाडतो, वाढा, आजून वाढा. शाहीनचं औषध मुकादमाला हात लावत न्हाई. चिठ्ठी वाटंतच फाडतं. चिठ्ठीच न्हाई पोचली तर कामगार काय करनार? गप बसनार!"

"मग एक सुई दिली की झालं," मी म्हणालो.

"आसं कसं? एकदम सोडलं तर घटकाभरात वाया जातंय, पाटानं पानी दिल्यागत. म्हनून बारीक मन्यांत भरून गाठीपाशीच ठेवायचं. त्यातनं आठवडंच्या आठवडं थोडं थोडं झिरपलं पायजे. म्हंजी काय झालं?"

"काय?"

"ठिबक!"

इतकी वर्षं शिकवतोय, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते दहावीच्या वर्गात जसंच्या तसं सांगितलं. मामांचं नाव घ्यायचं राहून गेलं.

मामांचा सगळा कारभारच ठिबकवर चालतो. "घाई न्हाई, मुळाशी जिरलं पायजे" हे त्यांचं पालुपद. सकाळचा एक कप चहा दुपारपर्यंत पुरवतात. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी त्यांनी मला चार दिवसांत दिली. सोमवारी "एक पोरगा हाय," मंगळवारी "शिरूरचा हाय," बुधवारी "कंपनीत हाय," आणि गुरुवारी थेट पत्रिका!

एकदा शाहीन फोनवर म्हणाली, मण्यांतून औषध सारखं झिरपत नाही. मामांनी तिथल्या तिथे निदान केलं. "चोकअप झालं आसंल. ॲसिड ट्रीटमेंट दे." ठिबकच्या नळीत क्षार साचले की ॲसिड सोडून ती मोकळी करतात, तसं.

"मामू, ते मणी उंदराच्या अंगात आहेत," शाहीन म्हणाली.

त्या दिवशी मामांना उंदरांची माफी मागावीशी वाटत होती.

पुढे मामींच्याच पोटात गाठ निघाली. पुण्याला उपचार सुरू झाले. एका दुपारी मामा शाळेत आले आणि व्हरांड्यातच मला विचारलं, "सर, उंदरापासनं मानसापतूर किती लांब आसतं?"

"बरंच," मी म्हणालो.

"म्हंजी शिरूरइतकं का पुण्याइतकं?"

नंतर शाहीनने त्यांना स्पष्ट सांगितलं की, अजून काही वर्षं लागतील, मामींना ते औषध मिळणार नाही. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन, चालू उपचारांचाही आता उपयोग नाही, असं सांगितलं.

"मामींना सांगितलंत?" मी विचारलं.

"एकदम न्हाई. झाड कोलमडंल. ठिबकनं देतोय."

रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मामा घरी जायला लागले. एके दिवशी "रक्त कमी हाय" एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी "औषध जरा दमानं चालतंय." मला राग आला. लग्नाची बातमी अशी देणं ठीक, पण ही? मामींना सगळं कळायला हवं, असं ठरवून मी मामा दुकानात असताना त्यांच्या घरी गेलो.

मी घसा खाकरला, तोवर खाटेवरून मामीच म्हणाल्या, "सर, मला समदं ठावं हाय. म्या शाहीनला इचारलं व्हतं. तिनं डाक्टरांशी बोलून त्याच दिशी सांगितलं."

"मग मामांना सांगा की!"

"कशापायी? एवढ्या वर्सांच्या संसारात दुकान सोडून संध्याकाळचं कवा माज्यापाशी बसले न्हाईत. आता रोज येत्यात. थोडं सांगत्यात, हात धरून बसत्यात." त्या हसल्या. "मला ठावं हाय म्हनलं, तर त्यांचं सांगायचंच संपंल की."

तेवढ्यात मामा दारात आले.

"सर, तुमी हितं?"

मामींनी डोळ्यांनीच मला गप्प बसवलं आणि अगदी काहीच माहीत नसल्यासारखा चेहरा केला. "आज काय वो, डाक्टर काय म्हनले?"

मामांनी स्टूल खाटेजवळ ओढलं, त्यांचा हात हातात घेतला.

"सांगतो," ते म्हणाले, "घाई न्हाई."